सर्वांच्या वहीचा नियम कसा बदलतात?

बिटकॉइन, ईथर इत्यादि कूटचलनांविषयीं हल्लीं पुष्कळ बोललें जातें. परंतु त्यांचे नियम बदलतात कसे, याचा विचार क्वचितच होतो. तो आम्ही येथें थोडक्यांत मांडतों.

या चलनांस टांकसाळ नाहीं. कोणापाशीं किती नाणीं आहेत हें एका हिशेबवहींत नमूद असतें, व तिच्या प्रती जगभर हजारों संगणकांवर असतात. वहीस नवें पान जोडलें कीं प्रत्येक संगणक तें आपल्या नियमांशीं ताडून पाहतो व न बसल्यास त्याज्य ठरवितो. नियम अधिक कडक केला, तर जुने संगणकहि नवीं पानें मान्य करितात. परंतु पूर्वीं जें निषिद्ध होतें तें ग्राह्य केलें, म्हणजे जुने संगणक तीं पानें नाकारितात, आणि एका वहीच्या दोन वह्या होतात.

असें घडलेंहि आहे. २०१६ सालीं ईथीरियमवरील एका सामाईक निधीच्या प्रोग्रॅममधील दोषाचा फायदा घेऊन अज्ञात इसमानें सुमारें ३६ लक्ष ईथर काढून घेतले. ते परत मिळावे म्हणून जुलै महिन्यांत १९,२०,००० व्या पानावर नियमास अपवाद करण्यांत आला. ज्यांस हें अमान्य होतें त्यांनीं जुनीच वही ‘ईथीरियम क्लासिक’ या नांवानें पुढें चालविली.

मग उपाय कोणता? सातोशी नाकामोतो या टोपणनांवाच्या बिटकॉइनकर्त्यानें २०१० सालींच तो सुचविला होता. नवा नियम प्रोग्रॅममध्यें बराच आधीं घालावा, परंतु कित्येक महिन्यांनीं येणाऱ्या ठराविक पानापासूनच तो लागू करावा. तोंवर जुने प्रोग्रॅम बहुतेक वापरांतून गेलेले असतात. उदाहरणादाखल त्यानें १,१५,००० हा पानाचा क्रमांक दिला होता.

तथापि मुदत ठरविणें एवढ्यानें भागत नाहीं. ईथीरियमचा ‘काँस्टँटिनोपल’ नांवाचा बदल जानेवारी २०१९ मध्यें ७०,८०,००० व्या पानावर व्हावयाचा होता. मुदत अगदीं जवळ आली असतां त्यांत धोक्याची जागा सांपडली. नवा प्रोग्रॅम घेतलेले संगणक ठरल्या पानावर आपोआप वळले असते. म्हणून थांबण्याचा निरोपहि सर्वत्र तातडीनें धाडावा लागला. अखेर सदोष भाग वगळून २८ फेब्रुवारी रोजीं ७२,८०,००० व्या पानावर तो बदल अमलांत आला.

यावरून विद्यार्थ्यांनीं इतकें ध्यानांत ठेवावें कीं, जेथें हुकूम करणारा कोणी नाहीं, तेथें वेळेवर दिलेली सूचना, सर्वांस ठाऊक असलेली मुदत आणि दोष दिसतांच थांबण्याची तयारी, यांवरच सर्वांचा पैसा सुरक्षित राहतो.