मंजुरी एका आराखड्याची, छपरावर दुसराच!



लावण नोंदीच्या वेळी आम्ही एक गोष्ट दरवर्षी सांगतो. नोंदीत को ८६०३२ लिहायचे आणि सरीत दुसरेच बेणे टाकायचे, असे केले तर तोडणीचा कार्यक्रम बिघडतो आणि तोटा सभासदाचाच होतो. घराच्या छपरावरील सौर संचाचेही नेमके तसेच आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली आणि आपल्या गटांतही छपरांवर पॅनेल दिसू लागले. महावितरणची मंजुरी आली की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. पण ती मंजुरी ठराविक क्षमतेच्या आणि ठराविक जोडणीच्या संचाला असते. बदल नेमका त्यानंतर होतो. ठेकेदार म्हणतो, "दादा, ते पॅनेल संपले, दुसरे टाकतो." टाकीची सावली पडते म्हणून एखादे पॅनेल गाळतात. कोणी म्हणतो, खर्च होतोच आहे तर दोन जादा बसवा.

हिशेब पाहा. ५४० वॅटची ६ पॅनेल म्हणजे ३.२४ किलोवॅट. ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचास ७८,००० रुपये अनुदान आहे. एक पॅनेल गाळले की क्षमता २.७ किलोवॅट होते आणि अनुदान ७२,६०० रुपयांवर येते. बरे, पॅनेल वाढवून इन्व्हर्टर लहानच ठेवला तरी उपयोग नाही. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी ज्याची क्षमता कमी, तीच अनुदानाला धरतात. शिवाय सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले लागतात. बदली माल तसा नसेल तर अनुदानच हातचे जाते.

पैशापेक्षा मोठी गोष्ट जिवाची आहे. लाईट गेली की ग्रिडला जोडलेला साधा संचही बंद पडतो. हा बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. त्या वेळी वायरमन खांबावर असू शकतो. आपली वीज उलटी तारेत गेली, तर ट्रान्सफॉर्मरमधून तिचा दाब वाढून त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून मागाहून कोणाकडून तरी बॅटरी किंवा दुसरा इन्व्हर्टर परस्पर जोडून घेणे हा सर्वांत वाईट बदल होय. वायरमन आपल्याच गावचा कोणाचा तरी मुलगा असतो.

२०२४ च्या नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीअभावी थांबावे लागत नाही. याचा अर्थ कोणी पाहत नाही असा नव्हे. नेट मीटर लावताना मंजूर कागद आणि छपरावरचा संच ताडून पाहिला जातो. मेळ बसला नाही तर मीटर अडते आणि अनुदानही अडते.

तरी सभासदांनी एवढे करावे :

१) बदल ठरताच काम थांबवावे. आधी कागद, मग पाना.

२) ठेकेदाराकडून पॅनेल, इन्व्हर्टर आणि जोडणीची सुधारित आकृती लेखी घ्यावी.

३) ती महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात देऊन पोहोच घ्यावी. क्षमता वाढत असेल तर बिलावरील मंजूर भार पुरतो का, हेही विचारावे.

४) सुधारित मंजुरी हाती आल्यावरच बदललेला माल छपरावर चढवावा आणि त्यावरील नंबर कागदाशी जुळवून पाहावेत.

५) शेवटचा हप्ता मीटर लागल्यावरच द्यावा.

सर्वांत उत्तम म्हणजे अर्जापूर्वीच घरात बसून विचार करावा. माडी चढवायची आहे का, टाकी हलणार का, शेजारचे नारळाचे झाड दुपारी कोठवर सावली टाकते? १ किलोवॅट महिन्याला सुमारे १०० ते १२० युनिट देतो. त्यावरून वर्षभराची बिले समोर ठेवून गरज काढावी. लावणीपूर्वी रान नीट आखले, तर मागाहून सऱ्या मोडाव्या लागत नाहीत.