फिरत्या घराचा मुक्काम

मराठी पत्त्याची सुरुवात 'मु. पो.' अशी होते. मुक्काम पोस्ट नेरळ, तालुका कर्जत, जिल्हा रायगड. चार पिढ्या एकाच घरात राहिलेला माणूसही आपल्या घराला मुक्काम म्हणतो, याची मला नेहमी गंमत वाटत आली आहे. शब्द मूळचा अरबी, थांबण्याचा, उभे राहण्याचा. त्याचाच सख्खा भाऊ 'मुकीम', म्हणजे एका ठिकाणी वस्ती करून राहिलेला. त्याच्या उलट मुसाफिर. आज ज्या वाहनाविषयी बोलायचे आहे, ते या दोघांच्या मधले आहे. कॅम्पर म्हणा, कॅराव्हॅन म्हणा. ज्यात निजायची, रांधायची आणि बहुधा शौचाचीही सोय असते असे चाकांवरचे घर. ते घेऊन हमरस्ता सोडायचा, आडवाटेने हळूहळू जायचे, एखाद्या तळ्याकाठी रात्र काढायची आणि सकाळी पुढे निघायचे, ही हौस गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही रुजू लागली आहे.

'कॅराव्हॅन' हा शब्दही आपला जुना ओळखीचाच. फारसीतला 'कारवान', म्हणजे उंटांचा, व्यापाऱ्यांचा तांडा. तो युरोपात गेला, तिथे त्याचा अर्थ चाकांवरचे घर असा झाला, त्याचे शेपूट तुटून 'व्हॅन' झाली, आणि आता तोच शब्द विलायती कपडे घालून आपल्या दारात उभा आहे. विलायतेत हौसेखातर असे घर घेऊन हिंडणारा पहिला नामवंत माणूस म्हणजे गॉर्डन स्टेबल्स. आरमारातून निवृत्त झालेला हा स्कॉटिश डॉक्टर मुलांसाठी साहसकथा लिहीत असे. १८८५ साली त्याने सुमारे दोन टनांची लाकडी गाडी बांधून घेतली, तिला दोन घोडे जोडले आणि दक्षिण इंग्लंडमधून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेला. अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सावध करायला त्याचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई. नेरळ-कळंब रस्त्यावर समोरून एस.टी. आली की त्या नोकराची फार आठवण येते.

आपल्याकडे हौस नवी असली तरी रीत नवी नाही. छप्पर घातलेली बैलगाडी घेऊन जत्रेला जाणारी कुटुंबे, मीठ-धान्य वाहणारे लमाणांचे तांडे, मेंढ्यांमागे फिरणारे धनगर, हे सगळे रात्रीचा मुक्काम बघूनच दिवसाचा रस्ता आखत. पाणी कुठे, बैलांना चारा कुठे, जमीन कोणाची, हे ठरल्याशिवाय जू सोडायचे नाही. कॅम्पर घेऊन निघणाऱ्यानेही पहिली गोष्ट शिकायची ती हीच.

आधी गाडीचे पाहू. आपल्याकडे बहुधा टेम्पो ट्रॅव्हलरच्या जातीच्या गाडीतच आतून बदल करून घर उभे करतात. बाकांचे पलंग होतात, मागे ओटा आणि लहानसा गॅस, छतावर सौर पट्ट्या, त्यांवर चालणारी वेगळी बॅटरी. खाली पाण्याच्या दोन टाक्या, एक चांगल्या पाण्याची आणि दुसरी सांडपाण्याची. ही दुसरी टाकी नसेल तर ती गाडी कितीही देखणी असो, तिला मी घर म्हणणार नाही. मोरी नसलेले घर कोण घर म्हणेल? स्वतःच्या गाडीत असे बदल मनाला येतील तसे करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या नोंदलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय फेरफार करू देत नाही, म्हणून हौशी सुताराला बोलावण्यापूर्वी आर.टी.ओ.त विचारलेले बरे. भाड्याने घ्यायची असेल तर नोंदणी आणि विमा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहून घ्यावे. राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात गाड्यांइतकाच विचार त्या जिथे उभ्या राहतील त्या जागांचा, म्हणजे कॅराव्हॅन पार्कचा आहे. तिथे पाणी, वीजजोडणी आणि स्वच्छतागृह असावे अशी अपेक्षा आहे. अशा जागा गरजेच्या मानाने अजून थोड्याच आहेत. त्यामुळे प्रत्यक्षात मुक्काम पडतो तो कोणा शेतकऱ्याच्या बांधालगत किंवा शेतीपर्यटनाच्या अंगणात. नेरळला ही वाट तशी जुनी आहे. इथल्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ऐंशीच्या दशकातच शेतीला पाहुण्यांची जोड दिली होती.

आता रस्ता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅम्पर नेणे म्हणजे पालखी घेऊन शर्यतीत धावण्यासारखे आहे. नेरळहून पूर्वेला निघावे, उल्हास नदी ओलांडून कळंब गाठावे, तिथून कशेळे आणि मग कडाववरून कर्जत. डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत सोबत असते. भीमाशंकरचे डोंगर, पेठचा सुळका, मागे वळून पाहिले तर माथेरानचा पसरट माथा. कशेळ्याहून एक फाटा खांडसकडे जातो, भीमाशंकरच्या पायवाटा तिथून चढतात. वाहनाच्या रस्त्याने सगळा फेरा एका दिवसात सहज होतो. पण त्याला तीन दिवस द्यावेत. नोव्हेंबरात भात कापून खळ्यावर आलेले असते. डिसेंबर-जानेवारीत रिकाम्या शेतात वाल उभे राहतात आणि रात्री गारठा पडतो. हाच हंगाम.

या फेऱ्यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. कोकणातल्या बहुतेक लहान नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात; पेज नदी मात्र वाहत राहते. त्याचे कारण घाटावर आहे. मावळात ठोकरवाडीला आंद्रा नदीवर टाटांचे धरण आहे. तिथले पाणी डोंगरातून खाली आणून भिवपुरीच्या वीजघरात सोडतात. हे वीजघर १९२२ साली सुरू झाले. (लोकलच्या भिवपुरी रोड स्टेशनवर उतरून ते शोधू नये; ते बरेच आत, डोंगराच्या पायथ्याशी आहे.) आंद्रा ही इंद्रायणीला मिळणारी नदी. म्हणजे तिचे पाणी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असे करत बंगालच्या उपसागराला जायचे होते. माणसाने ते पश्चिमेला वळवले. आता ते वीज देऊन पेज नदीत आणि राजनाला कालव्यात येते, कर्जतच्या शेतकऱ्याला उन्हाळ्यात दुसरे भातपीक देते, पेजेतून उल्हासला मिळते आणि पुढे बदलापूर-कल्याणच्या नळांपर्यंत पोचते. नदीकाठी खुर्ची टाकून बसलेल्या पाहुण्याला हे ठाऊक असलेले बरे, कारण दोन. एक, वीजघरातून पाणी सुटते ते ढग पाहून नव्हे. आभाळ कोरडे असले तरी पाण्याची पातळी वाढू शकते, म्हणून नदीच्या पात्रात, वाळूवर किंवा खडकावर तंबू ठोकू नये की गाडी उतरवू नये. दुसरे, आपण इथे भांडी विसळली की ते पाणी कोणाच्या तरी हंड्यात जाणार असते.

तळ्यांचेही तेच. 'लेकसाइड' म्हणून ज्या जागांची जाहिरात होते, त्यांतले जवळजवळ एकही तळे निसर्गाने केलेले नाही. नेरळ आणि कर्जतच्या मधे, माथेरानच्या कुशीत पाली-भूतिवलीचे धरण आहे. कर्जतहून चौककडे गेले की खालापूर तालुक्यात धावरी नदीवरचे मोरबे धरण लागते. ते २००२ साली नवी मुंबई महापालिकेकडे आले आणि ते शहर आज त्याच पाण्यावर उभे आहे. माथेरानचा शार्लट तलाव त्या गावाचे पाणी आहे. घाटावर पवनेच्या काठी तंबूंची रांगच रांग लागते. ते धरण पिंपरी-चिंचवडची तहान भागवते. प्रत्येक तळ्याखाली कोणाची तरी शेते आहेत, कुठे कुठे घरेही. बुडिताच्या काठावर जी आदिवासी वाडी दिसते, तिथली माणसे कधी तळाशी राहत असतील, हे पाण्याकडे पाहून कळत नाही.

आणि विरोधाभास असा की, पावसाळ्यात इतका पाऊस झेलणाऱ्या या तालुक्यांत एप्रिल-मे महिन्यांत ठाकर-कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्यांवर प्यायला पाणी नसते. बायका विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. अशा वेळी शंभर लिटरची टाकी घेऊन एक चकचकीत गाडी वाडीच्या हातपंपापाशी थांबते. शंभर लिटर म्हणजे साधारण सहा-सात हंडे. म्हणजे एका बाईच्या तितक्याच खेपा. गाडीतल्या चौघांनी अंघोळ केली की ते संपते. म्हणून नियम साधा ठेवावा. टाकी नेरळ किंवा कर्जतसारख्या मोठ्या गावातून पैसे देऊन भरून निघावे, वाडीच्या पाण्याला हात लावू नये, आणि सांडपाणी तळ्यापासून, विहिरीपासून लांब, जमीनमालकाने दाखवलेल्या जागीच सोडावे. शौचाच्या टाकीतला मैला तर कोठेही ओतायचा नाही. तो शौचकूप असलेल्या मुक्कामापर्यंत सोबत न्यायचा. आमच्यात नमाजापूर्वी वजू करताना एक शिकवण सांगतात: वाहत्या नदीच्या काठी बसला असलात तरी पाणी उधळू नका. वाळवंटातल्या माणसांना ही गोष्ट सांगावी लागली यात नवल नाही, पण नदीकाठाचा उल्लेख त्यात मुद्दाम आला आहे. पाणी भरपूर दिसते तिथेच हात सैल सुटतो.

मुसाफिराला धर्माने सवलतीही दिल्या आहेत. प्रवासात चार रकातींची नमाज दोनच रकातींत आटोपता येते, रमजानचा रोजा पुढे ढकलता येतो. मात्र एका ठिकाणी ठरावीक दिवसांपेक्षा जास्त राहायचे ठरवले, हनफी पंथात ही मर्यादा पंधरा दिवसांची आहे, की तो मुसाफिर राहत नाही, मुकीम होतो आणि सवलती संपतात. कॅम्परवाल्यांना हा भेद लागू पडतो असे मला वाटते. एक रात्र थांबणाऱ्याला गाव पाहुणा मानते. तोच काठावर कायमचे तंबू, दिव्यांच्या माळा आणि स्पीकर लावून बसला की तो गावाचा रहिवासी झाला. मग त्याला रहिवाशाची कर्तव्ये चुकत नाहीत. कचरा कोण उचलणार, ग्रामपंचायतीला काय देणार, रात्री दहानंतर गाणी का, हे प्रश्न गाव त्याला विचारणारच.

पावसाळ्यात ही सफर करू नये. धबधब्यांच्या मोहाने त्याच दिवसांत इथे सर्वाधिक गर्दी होते आणि बुडून मरणारेही त्याच दिवसांत जास्त. धरणे आणि धबधब्यांवर जायला प्रशासन मनाई करते, ती उगीच नव्हे. त्याहून मोठा धोका डोंगराचा आहे. मोरब्याच्या तळ्यालगत इर्शाळगड उभा आहे. त्याच्या पोटाशी इर्शाळवाडी नावाची ठाकरांची वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, माणसे झोपेत असताना, डोंगर खाली आला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले, आणि शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीला धावलेले लोक भर पावसात, चिखलातून पायी चढले होते. त्या बाजूने जाणाऱ्याने खाली रस्त्यावर गाडी जरा थांबवावी, पण ढिगाऱ्यापर्यंत चढून फोटो काढण्याची ती जागा नाही.

हिवाळ्यात मात्र या मुलखाची रात्र मोठी उदार असते. शेतकऱ्याने परवानगी दिली आणि ओळख पटली तर पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, आवडीप्रमाणे बटाटे, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी. वर पुन्हा पाला दाबायचा, मडके शेतातच उपडे ठेवून भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब लागत नाही, भांडी घासावी लागत नाहीत. फिरत्या घरासाठी याहून सोयीचा स्वयंपाक मला ठाऊक नाही. गाडीतला गॅस त्या रात्री बंदच राहतो. जाळ मात्र वाळक्या गवतापासून दूर हवा आणि निजण्यापूर्वी मातीने विझवलेला.

फेरा नेरळलाच संपतो. तिथून माथेरानचा घाट चढायचा मोह होतो. पण अवजड गाडीने तो चढू नये, आणि चढला तरी दस्तुरी नाक्यापलीकडे पर्यटकांच्या गाड्यांना प्रवेश नाही. त्यापेक्षा कॅम्पर खाली ठेवून छोटी रेल्वे पकडावी. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती बांधून घेतली आणि १९०७ साली सुरू केली. सुमारे वीस किलोमीटरला ती दोन तासांहून जास्त वेळ घेते, जुम्मापट्टीला दम खाते, वॉटर पाइपला पुन्हा थांबते. पावसाळ्यात वरचा थोडा टप्पा सोडला तर ती बंद असते. तिकिटे थोडी आणि रांग मोठी, म्हणून स्टेशनवर सकाळी लवकर जावे.