एकच पोस्ट सगळीकडे? घरगुती व्यवसायांचे काही गैरसमज

दिवाळीच्या तोंडावर घरगुती फराळाची दरपत्रकं फिरू लागतात. तेच चित्र व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर, एक्सवर. जितक्या ठिकाणी टाकू तितक्या ऑर्डर जास्त, असा हिशेब असतो. तो चुकतो, कारण प्रत्येक ठिकाणी माणसं वेगळ्या कामासाठी आलेली असतात आणि तिथले नियमही वेगळे असतात.

सर्वांत जास्त गैरसमज व्हॉट्सॲपबद्दल आहेत. ‘ग्रुपवर टाकलं की सगळ्यांनी वाचलं’ हा पहिला. सोसायटीचा ग्रुप पाणी कधी येणार, लिफ्ट कधी सुरू होणार यासाठी असतो. तिथे रोज जाहिरात आली की लोक ग्रुप म्यूट करतात. ॲडमिनला विचारून एकदाच टाकावी. गिऱ्हाइकांना न विचारता नवा ग्रुप काढणं तर त्याहून वाईट, कारण एकाचा नंबर अनोळखी लोकांसमोर उघडा पडतो. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट बरी. एका यादीत २५६ जण बसतात आणि कुणाला दुसऱ्याचं नाव दिसत नाही. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे, त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. यादी लांबवत बसण्यापेक्षा डबा हातात देताना नंबर सेव्ह करायला सांगणं जास्त कामाचं.

‘पुढे पाठवा’ म्हणण्यालाही मर्यादा आहे. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच निरपराध माणसांना ठेचून मारलं गेलं. देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. अनेक हातांतून फिरून आलेला मेसेज एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. ही अडचण नव्हे, गरज आहे असं मला ठामपणे वाटतं.

सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं की ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरतो, ही भीतीही खरी नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की, समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट नसेल तर केवळ ॲडमिन म्हणून जबाबदारी येत नाही.

फेसबुकवर ‘लाइक करा, शेअर करा, पाच जणांना टॅग करा’ लिहिलं की पोस्ट पसरते, असं अजूनही मानलं जातं. उलट अशा पोस्ट खाली ढकलायला फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच सुरुवात केली. तिथे लोक प्रश्न विचारतात: तूप साजूक आहे का, पुण्याबाहेर पाठवता का? उत्तर तिथेच, सगळ्यांना दिसेल असं द्यावं. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ म्हटलं की विचारणारा निघून जातो.

इन्स्टाग्रामवर फोटोखालच्या मजकुरात टाकलेली लिंक उघडत नाही. ती प्रोफाइलमध्ये किंवा स्टोरीच्या स्टिकरमध्ये द्यावी लागते. बारीक अक्षरांचं दरपत्रक तिथे कुणी वाचत नाही, पण कढईत पडणारी चकली बघायला माणूस थांबतो. एक्सची २८० ची मर्यादा अक्षरांची वाटते, पण काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘क्षि’ म्हणजे चार. त्यामुळे मराठी मजकूर अंदाजापेक्षा लवकर संपतो.

राहिली खाण्यापिण्यावर व्हिडिओ करणाऱ्यांना पाठवलेल्या डब्यांची गोष्ट. ‘पैसे दिले नाहीत, म्हणजे ती जाहिरात नाही’ हा समज चुकीचा आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुकट मिळालेली वस्तूही उघड करावी लागते. हा खुलासा हॅशटॅगांच्या गर्दीत लपवून चालत नाही, आणि व्हिडिओ मराठीत असेल तर तोही मराठीतच हवा.