पुस्तक हरवलं नव्हतं, जागा चुकली होती

तळेगाव श्यामजी पंत, आष्टी, कारंजा या भागातल्या गटांच्या बायांशी आज पुस्तकांबद्दल बोलायचं आहे. वाचण्याबद्दल नाही, सापडण्याबद्दल. फोडणी तापलेली असावी आणि मोहरीच्या डब्यात हात घातला तर जिरं निघावं, तसं वाचनालयात रोज होतं. फरक एवढाच, की घरात डबे दहा असतात आणि वाचनालयात पुस्तकं दहा हजार.

मी बरीच वर्षं एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसले. तिथे एका ताईंनी संत्र्याच्या बागेवरचं पुस्तक नेलं होतं. त्यांच्या झाडांना डिंक्या लागला होता, खोडातून डिंक गळत होता. पुढे त्या म्हणाल्या, मी पुस्तक आणून दिलं. माझ्या वहीत जमा नव्हतं, फळीवरही नव्हतं. नियमाप्रमाणे किंमत भरायला लावली, ती चिठ्ठी माझ्याच हातची. २२० रुपये. त्यांनी दोन हप्त्यांत दिले आणि वाचनालयात येणं बंद केलं. पुढच्या वर्षी ग्रंथ पडताळणीत ते पुस्तक निघालं. त्याच खोलीत, तीन फळ्या सोडून.

ते तिथे कसं गेलं, हे समजायला पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा समजला पाहिजे. मेल्व्हिल ड्युई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये विषयांना आकडे देण्याची दशांश पद्धत छापली. आपल्याकडच्या पुष्कळ वाचनालयांत तीच चालते. ६३० म्हणजे शेती, ६३४ म्हणजे फळबागा, ६३४.३१ म्हणजे संत्रा. ६३६ मध्ये जनावरं, ६४१.५ मध्ये स्वयंपाक, ८९१.४६ मध्ये मराठी साहित्य. आमच्या संत्र्याच्या पुस्तकावरचे शेवटचे दोन आकडे कुणीतरी उलटे वाचले आणि ते ६३४.१३ ला ठेवलं. ती जागा नाशपातीची. आपल्या भागात नाशपाती कोण लावतं? वर्षभर त्या फळीकडे कुणी फिरकलंच नाही.

दुसरी नेहमीची चूक टिंबाची. ६३४.३१ आधी की ६३४.४ आधी? एकतीस मोठे, चार लहान, म्हणून पुष्कळ जणी ४ आधी लावतात. पण टिंबानंतरचा आकडा पैशासारखा वाचायचा. .४ म्हणजे ४० पैसे, .३१ म्हणजे ३१ पैसे. म्हणून ३१ आधी. गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

तिसरी चूक आपल्या लिपीची. मराठी ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो. घाईत लिहिलेले १ आणि ९ एकमेकांत मिसळतात. जुन्या नोंदवहीत मराठी आकडे आणि चिकटवलेल्या चिठ्ठीवर इंग्रजी, असं असेल तर तिथे आधी शंका घ्यायची. छोट्या वाचनालयात विषयाऐवजी नुसत्या दाखल क्रमांकाने पुस्तकं लावतात. तिथेही १२१३ चं पुस्तक ११२३ जवळ सापडतं.

मग शोधायचं कसं? आधी फळीकडे धावू नये. पुस्तक कुणाच्या नावावर आहे का, ते पाहावं. मग आज-काल परत आलेल्या पुस्तकांचा ढीग, वाचनाचं टेबल, वर्तमानपत्रांची चळत, बांधणीला काढलेली पुस्तकं. निम्म्या वेळा काम इथेच होतं, असा माझा अनुभव. त्यानंतर त्याची खरी जागा. डावी-उजवीकडची हातभर पुस्तकं एकेक बोट लावून वाचायची, नुसती नजर फिरवायची नाही. मग वरची आणि खालची फळी, कारण माणूस आडवा क्रम सहसा चुकत नाही, फळी चुकतो. मग पुस्तकांच्या मागे हात घालायचा. पातळ पुस्तकं मागे पडतात आणि तिथेच राहतात. एवढं करूनही मिळालं नाही, तर आकडे उलटेपालटे करून त्या जागा बघायच्या.

कधी पुस्तकाला दोन घरं असतात. गरोदर बाईच्या आहाराचं पुस्तक एक जण आरोग्यात लावते, दुसरी स्वयंपाकात. तिथे नोंदवहीत काय लिहिलंय तेच खरं धरायचं. आणि कधी पुस्तक मुद्दाम लपवलेलं असतं. भरतीच्या परीक्षेचं एकच पुस्तक आणि वाचणारी पोरं दहा, तर एखादा ते धर्माच्या ग्रंथांमागे सारून जातो. त्याचा राग येतो, पण दुसरी प्रत आणल्याशिवाय हे थांबत नाही.

सर्वात जास्त पुस्तकं मात्र चांगली माणसं हरवतात. वाचून झालं की आपणच नीटपणे फळीवर ठेवून देणारी. त्या ताईंनीही तेच केलं असावं, मला त्रास नको म्हणून. म्हणून पुस्तक नेहमी टेबलावर, माणसाच्या हातात द्यावं आणि आपल्यासमोर जमा लिहून घ्यावं. फळीवरून पाहायला काढलं असेल तर त्या जागी पुठ्ठ्याची पट्टी खोचून ठेवावी.

सातारा जिल्ह्यात भिलार गाव आहे, ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव. तिथे एकेका घरात एकेका प्रकारची पुस्तकं ठेवली आहेत. अशा गावात पुस्तक चुकलं तर फळी नाही, घरच बदलतं!

आपल्या राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. पण वर्ग कोणताही असो, रोज एक फळी वाचण्याचं काम माणसालाच करावं लागतं. एकीने नोंदवहीतला आकडा म्हणायचा, दुसरीने पुस्तकावर बोट ठेवायचं. गटाच्या कपाटात दोनशे पुस्तकं असतील तर एका दुपारचं काम आहे. ग्रंथालयशास्त्राचे आपले मोठे जाणकार एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याचं आहे. फळीवर चुकलेलं पुस्तक नेमका तोच वेळ खातं. डिंक्या लागलेल्या झाडाकडे तर तेवढाही वेळ नसतो.

पुस्तक सापडल्यावर मी ताईंचे पैसे परत देण्याचं मंडळापुढे मांडलं. दोघे जण म्हणाले, जुनी गोष्ट आहे, जाऊ द्या. तिसऱ्या बैठकीत मंजूर झालं. मी पैसे घेऊन त्यांच्या घरी गेले आणि चूक माझी होती, हे सांगितलं. त्यांनी नोटा मोजून घेतल्या, चहा दिला आणि विचारलं, "आता ते पुस्तक जागेवर हाय ना?" मी हो म्हटलं. त्या स्वतः पुन्हा वाचनालयात आल्या नाहीत. त्यांची सून येते. पुस्तक परत केलं की मी जमा लिहीपर्यंत ती टेबलासमोरून हलत नाही.