पोटाचं काम आणि आपलं काम

मागच्या व्याख्यानानंतर एका मुलीनं विचारलं, "सर, दीड वर्षं दिवसभर आकडे भरतेय. यासाठी शिकले का मी?"

उत्तराआधी आपण इमॅन्युएल कांटकडे जाऊ. जन्म १७२४चा. विद्यापीठ सुटल्यावर हा माणूस काही वर्षं लोकांच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकवत होता. १७५५पासून कोनिग्सबर्ग विद्यापीठात शिकवू लागला, पण पगार नाही. विद्यार्थी देतील तेवढी फी. म्हणून तासांवर तास, तर्कशास्त्र, गणित, अगदी भूगोलसुद्धा. १७६६मध्ये जोडीला ग्रंथालयातली दुय्यम नोकरी. प्राध्यापकपद मिळालं १७७०मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' आलं १७८१ साली.

यावरून 'धीर धरा, सगळं छान होईल' असं आम्ही म्हणणार नाही. कांटची गोष्ट आपण शेवटाकडून वाचतो; तिशीतल्या कांटला शेवट ठाऊक नव्हता. आणि ज्यांचं पुढे काहीच झालं नाही, त्यांच्यावर कुणी व्याख्यानं देत नाही.

मग शिकायचं काय? एवढंच, की पोटाचं काम आणि आपलं काम पंचविशीतच एक व्हायला हवं, असा नियम नाही. म्हणून प्रश्न थोडा बदलू. 'या नोकरीत समाधान आहे का?' याऐवजी विचारू, संध्याकाळी आपल्यात काही शिल्लक उरतं का? उरत असेल, तर कंटाळा सोसता येतो. त्या शिलकीवर आपलं काम चालू ठेवावं. काहीच उरत नसेल, तर मात्र दुसरी नोकरी शोधावी. त्यात हार नाही.