नापास जीप आणि चाकामागचा दगड

अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, घाटमाथ्यावर, आमच्या घरी एक जीप आहे. महिंद्र कंपनीची, एम.एम. ५४०, सन १९८९ ची. वडिलांनी ती भातशेतीच्या कामासाठी घेतली आणि आम्ही भावंडांनी ती वडिलांसाठी राखली. या जीपच्या मागच्या बाकाखाली एक काळा दगड असे. चढावर गाडी उभी राहिली की कोणीतरी उडी मारून उतरायचे आणि तो दगड चाकामागे लावायचे. पुढे पुढे तो दगड म्हणजे जीपचाच एक भाग आहे, असे आम्ही सारे धरून चाललो. सन २०२४ मध्ये नोंदणीच्या नूतनीकरणासाठी जीप तपासणीला नेली, तेव्हा निरीक्षकांनी आधी तो दगड पाहिला आणि मग गाडी. “हा कशासाठी?” असे त्यांनी विचारले. मी खरे ते सांगितले. पुढची तपासणी केवळ औपचारिकता म्हणून उरली.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी जुनी दुचाकी किंवा मोटार असेल, म्हणून नियम थोडक्यात सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे टिकते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती नव्याने करून घ्यावी लागते. यासाठीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोटारीकरिता पाच हजार रुपये झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजारांवर नेण्यात आले. खेड्यापाड्यांत या साऱ्या प्रकाराला ‘पासिंग’ असा सुटसुटीत शब्द आहे, आणि शब्दाप्रमाणेच कृतीही सुटसुटीत करण्याची वहिवाट आहे. आमच्या जीपचे पासिंग यापूर्वी चार वेळा झाले. त्यांपैकी निदान तीन वेळा एजंटाने कागद आत नेले, जीप कुंपणापाशी उभी राहिली आणि तिच्याखाली वाकून कोणी पाहिले नाही. त्याबद्दल त्या वेळी मी तक्रार केली नव्हती. सोय होत असताना तक्रार करणारा मनुष्य विरळा, आणि मी त्या विरळांपैकी नव्हे.

नापासाची चिठ्ठी हाती पडली तेव्हा राग आला, हेही लपवीत नाही. शाळेची रजा वाया गेली, साठ मैलांचे डिझेल जळले, आणि चिठ्ठीवर कारण म्हणून दोन शब्द: ‘ब्रेक, इतर’. परतीच्या वाटेवर मात्र आदल्या वर्षीच्या श्रावणातला एक प्रसंग मनातून जाईना. शाळेपुढच्या उतारावर जीप उभी होती. आत माझी पुतणी आणि शेजारची दोन मुले. पावसाने माती भिजलेली, दगड घसरला आणि जीप हळूच मागे सरकू लागली. बांधाला टेकून ती थांबली. मुले हसत उतरली, आम्हीही हसलो, आणि दुसऱ्या दिवशी अधिक मोठा दगड शोधून आणला. ब्रेक दुरुस्त करावा, असे एकालाही सुचले नाही.

जीप ज्या मिस्त्रींकडे नेली त्यांनी अशा गाड्यांवर चाळीस वर्षे काढली आहेत. गॅरेज म्हणजे एक पत्र्याची पडवी आणि एक खड्डा. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि बाजूला ठेवली. “गुरुजी, केबल ओढून देऊ का? उद्याच्या उद्या पास होईल. महिनाभर टिकेल,” असे म्हणून ते माझ्याकडे पाहत राहिले. परीक्षा बहुधा माझीच होती. श्रावणातली गोष्ट मी त्यांना सांगितली, तेव्हा ते खड्ड्यात उतरले.

या जीपचा हँडब्रेक इतर मोटारींप्रमाणे मागच्या चाकांवर नसतो. दुसऱ्या महायुद्धातील विलिज जीपची ही वंशावळ. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास त्या जीपची जोडणी मुंबईत सुरू केली, आणि मूळ रचनेतील कित्येक गोष्टी पुढची अनेक दशके तशाच चालत आल्या. गिअरबॉक्सच्या मागे पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारी जी पेटी असते, तिच्यातून मागे निघणाऱ्या दांड्यावर एक लहानसा ड्रम असतो. हँडब्रेक तो ड्रम धरून ठेवतो. युक्ती चांगली आहे, परंतु पेटीतील तेल आणि ब्रेकचे लायनर यांच्यामध्ये एका रबरी ऑइल सीलखेरीज काहीही नाही. सील गळाले की लायनर तेलाने माखते, आणि माखलेले लायनर कितीही आवळले तरी धरीत नाही. वीस वर्षे आम्ही केबल आवळीत होतो.

सीलही पूर्वी दोनदा बदलले होते. ते पुन्हा का गळाले, याचे उत्तर मिस्त्रींनी बोटाने दिले. ज्या गुळगुळीत कडेवर सीलचा ओठ टेकतो, तिथे माझे बोट धरून फिरवले. लोखंडात नखाने जाणवेल एवढी चर पडली होती. नव्या सीलला टेकायला जागाच नव्हती. शिवाय पेटीला श्वास घेण्यासाठी असलेले छिद्र चिखलाने बुजलेले. तेल तापले की आतला दाब वाढे आणि वाट मिळेल तिथून तेल बाहेर येई. तो भाग लेथवर देऊन त्यावर पातळ बाही चढवली, छिद्र तारेने मोकळे केले, लायनर नवे घातले. यात सीलची किंमत सर्वांत कमी होती.

‘इतर’ या शब्दात काय काय दडले होते, ते पुढच्या आठ दिवसांत कळले. पुढची चाके हलवून पाहता किंगपिनमध्ये ढिलाई. तेथील पातळ पत्र्या, ज्यांना शिम म्हणतात, त्या एकेक काढून ताण बसवायचा आणि तो भाजीवाल्याकडे असतो तसल्या स्प्रिंगच्या काट्याने ओढून मोजायचा. दिव्यांचा मंद प्रकाश बल्बमुळे नव्हता. चासीला जोडलेली अर्थिंगची तार गंजली होती. धूर नियमापेक्षा जास्त होता. जुन्या डिझेल गाड्यांसाठी मर्यादा ६५ हार्ट्रिज एककांची आहे. मला वाटले, आता इंजिन उघडावे लागणार. मिस्त्रींनी हवा गाळणारा डबा काढला. या गाडीत हवा तेलाच्या तबकावरून गाळली जाते. ते तेल बदलायचे असते, हेच आम्ही विसरलो होतो. तबकात चिखलासारखा राब साचला होता. तो काढला, नोझल तपासून घेतले, आणि धूर बराच निवळला.

चासीचे काम मात्र जिवावर आले. घाटमाथ्याचा पाऊस आणि भातखाचरांतला चिखल यांनी मागच्या आडव्या पट्टीचा आतून भुगा केला होता. वरून रंग शाबूत होता, हातोडीचा ठोका घालताच पापुद्रे गळाले. गंजावरच पत्रा चिकटवून वेल्डिंग करणारे पुष्कळ भेटतात. मिस्त्रींनी चांगले लोखंड लागेपर्यंत सारे कापून काढले आणि मगच नवा तुकडा जोडला. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत मिळाले, एक कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून आणावा लागला. एकूण खर्च माझ्या पगारदाराच्या हिशेबाला न पेलणारा झाला.

एवढे करण्यापेक्षा गाडी मोडीत का काढली नाही, असे शाळेतल्या सहकाऱ्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी पुढे चालविली जात नाही. खाजगी गाडीला मात्र त्या धोरणाने वयाची नव्हे, तर तपासणीची अट घातली, आणि ते मला योग्य वाटते. आमच्या वस्तीवर पावसाळ्यात दुसरे चारचाकी वाहन चढत नाही. बाळंतीण असो, सर्पदंश असो, आरोग्य केंद्रापर्यंत हीच जीप जाते, आणि त्याचे भाडे कोणी घेत नाही. तिच्या जागी नवी चारही चाकांना शक्ती असलेली गाडी घेणे आमच्या ऐपतीबाहेरचे. पण याच कारणास्तव ती नादुरुस्त असून चालणार नाही. गरजेच्या नावाखाली आपण वडापच्या जीपांत माणसे कोंबू देतो, शाळेच्या रिक्षांकडे काणाडोळा करतो. अडलेल्या माणसाला सुरक्षिततेचा हक्क कमी असतो, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही.

माझी तक्रार निरीक्षकांनी नापास केले ही नाही. यापूर्वी पास केले, ही आहे. आणि दुसरी त्या दोन शब्दांच्या चिठ्ठीची. ब्रिटनमध्ये १९६० पासून जुन्या मोटारींची अशी सक्तीची तपासणी होते. तेथे नापास गाडीच्या मालकाला प्रत्येक दोष स्वतंत्रपणे लिहून मिळतो. २०१८ पासून तर धोकादायक, गंभीर आणि किरकोळ असे वर्गही त्यात आहेत, आणि आज चालेल पण लक्ष ठेवा, अशी सूचनाही वेगळी दिली जाते. आमच्या जीपप्रमाणेच दांड्यावर हँडब्रेक असलेल्या जुन्या लँड रोव्हर तिथे आहेत, आणि असा ब्रेक फिरत्या रुळांच्या यंत्रावर तपासू नये, हे तेथील तपासनिसाला ठाऊक असते. आपल्याकडे आता स्वयंचलित चाचणी केंद्रे येत आहेत. यंत्र लाच घेत नाही, ही त्यांची मोठीच जमेची बाजू. पण यंत्राने काढलेला आकडा मालकाच्या हाती मराठीत पडणार की नाही, हा प्रश्न राहतोच. विद्यार्थ्याला नापास करताना मी कोणत्या प्रश्नात किती गुण, हे लिहून देतो. न दिल्यास पालक शाळेत येऊन बसतात.

दुसऱ्या खेपेस जीप पास झाली. निरीक्षकांनी उतारावर उभी करून हँडब्रेक ओढायला लावला, आणि ते स्वतः मागे जाऊन उभे राहिले. पुढचे पासिंग २०२९ मध्ये. मिस्त्रींना तेव्हा पंच्याहत्तरावे असेल. मुलगा चाकणला एका कारखान्यात लागला आहे आणि पडवीत हाताखाली असलेल्या पोराला मोबाईल दुरुस्तीचे दुकान काढायचे आहे. लेथवर बाही कशी चढवतात ते त्याला दाखवून ठेवा, असे मी मिस्त्रींना म्हटले. “दाखवली. त्याला ती आलीसुद्धा. पण अशा गाड्या महिन्याला किती येतात, गुरुजी?” असे म्हणून त्यांनी हात पुसले आणि बिलाचा कागद पुढे केला.