नदीकांठची मोटार बंद पडली, हें घरीं कळावें कसें?

कृष्णा, कोयना, वारणा व येरळा या नद्यांच्या कांठीं ज्यांचीं पंपघरें आहेत, त्यांस मोटार चालविण्याची विद्या शिकविण्याची गरज राहिलेली नाहीं. परंतु चालू केलेली मोटार मध्येंच थांबली, तर तें मालकास कोणीं सांगावयाचें, या प्रश्नाकडे आमच्या बंधूंपैकीं पुष्कळांचें दुर्लक्ष होतें. पंपघर नदीकांठीं, शेत दूर माळावर आणि घर गांवांत. त्यांतून वीज पाळीनें मिळत असली व पाळी रात्रीची आली, तर मोटार थांबल्याची वार्ता उजाडल्यावर कोरड्या सऱ्यांवरूनच समजते. तोंवर पाळी संपलेली असते आणि लावणीच्या उसाचें पाणी आणखी लांबतें. बरें, रात्रीं दोनदां-तीनदां नदीवर जाऊन पाहावें, तर वाटेंत साप-विंचवाचें भय आणि कराड, पाटण, शिराळा या भागांत बिबट्याचेंही.

मोटार थांबण्याचीं कारणें मुख्यतः चार. पहिलें, वीज जाणें. दुसरें, तीन फेजांपैकीं एक तुटणें. अशा वेळीं चालू मोटार उरलेल्या दोन फेजांवर ओढत राहते, त्यांतून वाजवीपेक्षां अधिक प्रवाह वाहतो व वाइंडिंग तापून जळतें. म्हणून स्टार्टरमधील रिले तिला थांबवितो. तिसरें, नदीची पातळी उतरून किंवा फूटव्हॉल्व्ह कचऱ्यानें भरून पंपानें पाणी उचलण्याचें सोडणें. चौथें, पूर. ‘ऑटो’ बसविला म्हणजे वीज परत येतांच मोटार आपोआप सुरू होते. पहिल्या कारणापुरता तो पुरे. परंतु दोष कायम असतां मोटार पुन्हां पुन्हां सुरू करणें म्हणजे ती जाळणेंच होय. तेथें माणसास वर्दी पोहोंचणें हाच उपाय.

ही वर्दी देण्यासाठीं हल्लीं मोबाईल स्टार्टर मिळतो. त्यांत सिमकार्ड असतें. मोटार थांबली वा फेज गेली कीं तो मालकास फोन करितो किंवा संदेश धाडितो. सोय उत्तम खरी. परंतु ती बसवून निर्धास्त झोपणाऱ्यानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. वर्दी देणारा जासूद हा मोटारीच्याच घरीं राहणारा आहे. वीज गेली व त्याची लहान बॅटरी उतरलेली असली, सिमचे पैसे संपले, किंवा मोबाईलचा मनोरा बंद पडला, तर मोटारीबरोबर जासूदही मुका होतो. मग फोन वाजत नाहीं आणि मालक समजतो कीं सर्व ठीक आहे.

आम्हीं महसुली कचेरींत कारकुनी केली, तेथें या रोगावर जुनें औषध आहे. त्याचें नांव निरंक. पावसाळ्यांत प्रत्येक मंडळाचा पर्जन्याचा आंकडा तालुक्यास रोज यावा लागतो. पाऊस झाला नसला तरी ‘निरंक’ असें कळवावें लागतें. निरंक आला म्हणजे पाऊस नाहीं असें ठरतें. कांहींच आलें नाहीं, तर मात्र तसें ठरत नाहीं. लगेच चौकशी करावी लागते. कारण जेथें अतिवृष्टीनें ओढे चढून तारा तुटल्या, तेथूनही कांहींच येत नाहीं.

हाच न्याय मोटारीस लावावा. ‘थांबलें तर कळीव’ एवढेंच न सांगतां ‘चालू आहें तोंवर दर तासास कळवीत जा’ असें सांगावें, आणि कळविणें चुकलें कीं घरच्या फोनची घंटा वाजावी. ज्या यंत्रांत ही सोय असेल तें घ्यावें. नसेल तर रात्रींतून दोन-तीन वेळां आपणच त्यास फोन लावून स्थिति विचारावी. उत्तर न आल्यास मोटार बंद आहे असें धरून चालावें.

दुसरी गोष्ट. मोटार फिरते म्हणजे पाणी येतें असें नव्हे. पंपांत हवा शिरली वा वाटेंत पाईप फुटला, तरी मोटार फिरतेच. सबब खरी परीक्षा जेथें पाणी पडतें त्या हौदावर करावी. हौदांत तरंगता गोळा बसवून पाणी उतरतांच वर्दी मिळेल अशी योजना केली, तर कारण कोणतेंही असो, दोष उघड होतो. टेंभू, ताकारी, म्हैसाळ यांसारख्या उपसा योजनांत पाणी टप्प्याटप्प्यानें चढवितात. तेथें वरचा टप्पा थांबल्याची वर्दी खालच्या टप्प्यास न मिळाल्यास मधला हौद भरून वाहूं लागतो.

हल्लीं दाखल्याच्या खिडकीवर ‘सर्व्हर बंद आहे’ हें उत्तर सर्वांच्या परिचयाचें आहे. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांची मागणी अहोरात्र पुरविणारा संगणक. विविध कार्यकारी सोसायट्यांचे व्यवहार संगणकावर आणण्याची योजना केंद्र सरकारनें २०२२ सालीं मंजूर केली, त्यामुळें त्याचा संबंध आतां आपल्या पीककर्जाशींही आला आहे. त्याची राखणही याच रीतीनें करितात. दुसऱ्या ठिकाणचा संगणक त्यास दर थोड्या मिनिटांनीं हांक मारितो. तो चालू आहे एवढ्यानें भागत नाहीं, विचारलेल्याचें उत्तर देतो कीं नाहीं हें पाहतात. एक हांक वायां गेली तर थांबतात. लागोपाठ दोन-तीन गेल्या म्हणजे माणसास उठवितात. कारण क्षुल्लक कारणानें रोज वाजणाऱ्या घंटेकडे चवथ्या दिवशीं कोणी पाहत नाहीं.

सामाईक मोटार असेल तेथें वर्दी प्रथम कोणास, तो न उठल्यास कोणास, हें नांवानिशीं ठरवून पंपघरांत लिहून लावावें. सर्वांस आलेली वर्दी कोणासच आलेली नसते. जासूदाची पेटी पुराच्या पाण्याच्या वर असावी. सांगलीस १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्यें पाणी तेथें ५७ फुटांवर गेलें होतें, हें विसरूं नये.

शेवटीं, महिन्यांतून एकदां कोणास न सांगतां मोटार स्वतः बंद करावी व फोन किती वेळानें वाजतो तें पाहावें. दुसऱ्या खेपेस पेटीचीच वीज व बॅटरी काढून पाहावें. या दुसऱ्या परीक्षेंत जी व्यवस्था उतरेल तिच्याच भरंवशावर रात्रीं झोपावें, असें आमचें बंधूंस सांगणें आहे.